गडग्याच्या पोटात

भागूबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव चांगलं होतं, पण ते आता शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं होतं. लहानपणी पाल दिसली की ती टेबलावर, वीज कडाडली की थोरल्या भावाच्या पांघरुणात आणि दिवे गेले की आईला घट्ट धरून. दादाने एकदा चिडवायला 'भित्री भागूबाई' म्हटलं. पुढे त्यातलं 'भित्री' गळून पडलं, भागूबाई मात्र सुटली नाही. आता तिशी उलटली तरी घरातले तिला भागूच म्हणायचे.

अशा बाईने माळावरच्या जुन्या गडग्यांतली, म्हणजे दगडी बांधांतली, भोकं शोधत हिंडायचं काम पत्करावं हे नवलच. पण पोट कुणाला चुकलंय? ज्या स्टुडिओत ती फोटो काढायची तो बंद पडला. लोक आपापल्या फोनमधून स्वतःचे फोटो काढू लागल्यावर मालकाने शटर ओढलं ते ओढलंच. मग भागू घरात बसून भांड्यांवर भांडी आपटू लागली. ते ऐकून ऐकून कंटाळलेली वहिनी एक दिवस म्हणाली, "माझ्याबरोबर चल. कचेरीला फोटो काढणारं माणूस हवंच आहे. माणसांचे नाही, दगडांचे फोटो. दगड हलत नाहीत, डोळे मिटत नाहीत आणि फोटोत जाड दिसलो म्हणून भांडत नाहीत."

वहिनी, म्हणजे दादाची बायको, नोंदणी कचेरीत मोजणीच्या कामावर होती. डोंगराच्या उतारांवर कोसन् कोस जुने गडगे पसरले होते. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड रचलेला आणि एकमेकांच्या भारावर पिढ्यान् पिढ्या उभा. कचेरीला त्यांतल्या वेगळ्या गोष्टींची नोंद हवी होती. कुठे कोकरांना पलीकडे जायला ठेवलेलं भोक असायचं, कुठे मधमाश्यांचं पोळं ठेवायचा कोनाडा, कुठे चढून पलीकडे जायला बाहेर काढलेले पायरीचे दगड. एखाद्या गवंड्याने आपलं चिन्ह कोरलेलं असायचं. असं काही सापडलं की वहिनी मोजायची आणि भागू फोटो काढायची.

वहिनीला भीती म्हणून ठाऊक नव्हती. कुठलंही भोक दिसलं की पालथी पडून खांद्यापर्यंत हात आत घालायची. एकदा तिच्या हाताला सापाची कात लागली, तर तिने ती ओढून काढली, उन्हात धरून बघितली आणि म्हणाली, "राहणारा घर सोडून गेलाय." भागू तेव्हा चार हात लांब उभी होती, ती आणखी चार हात मागे सरली. घरी गेल्यावर दादा ही गोष्ट ऐकून खो खो हसला आणि नेहमीचंच बोलला, "भागू, शिक जरा वहिनीकडून." भागूला वहिनीचं कौतुक होतं, खोटं कशाला बोला, पण हे वाक्य ऐकलं की त्या कौतुकात खडा लागायचा.

पहिल्याच दिवशी वहिनीने तिला बजावलं होतं, "पाला काढ, जाळी काढ, पण दगडाला बोट लावायचं नाही. अगदी बोटाएवढ्या चिपेलासुद्धा. कुठली चीप कशाला धरून बसलीय ते बाहेरून कळत नाही." भागूने मान डोलावली. मान डोलावणं तिला फार छान जमायचं.

पण सवय ही सवय असते. स्टुडिओच्या मालकाने तिच्या डोक्यात एकच गोष्ट ठोकून ठोकून बसवली होती, की बटण दाबायच्या आधी चौकट साफ करायची. नवरीच्या खांद्यावरचा केस, खुर्चीमागे लोंबणारी वायर, टेबलावरचा उष्टा कप, सगळं आधी हलवायचं. घाण चौकटीत आली की तिचे हात आपोआप पुढे व्हायचे.

त्या दुपारी त्यांना जो गडगा सापडला तो इतरांसारखा नव्हता. उंची दीड माणूस आणि जाडी एवढी, की वरून दोघींना शेजारी शेजारी चालता आलं असतं. शेतं साफ करणाऱ्यांनी वर्षानुवर्षं निघेल तो दगड त्यावर नेऊन टाकला होता. त्याच्या पायथ्याशी, गवतात, गुडघ्याएवढं उंच एक तोंड होतं आणि तोंडावर एक लांबलचक आडवा दगड. वहिनी पालथी पडली, आत बॅटरी मारली आणि ओरडली, "अगं, खोली आहे! आत खोली आहे, भागू! माणूस ऐसपैस बसेल एवढी!"

"कुणी आहे का आत?" भागूने विचारलं.

"आहे ना. तुझ्यासाठी चहा टाकून बसलेत." वहिनी हसत उठली. तिचे डोळे चमकत होते. पावसापाण्यात मेंढपाळ बसत असतील अशा खोलीत, पण गडग्याच्या पोटात खोली अजून कुणाला सापडली नव्हती. "तू तोंडाचा फोटो घे. मी पलीकडून जाडी बघून येते. मग आत शिरून मापं घेऊ."

'घेऊ' म्हणजे वहिनी घेणार, हे दोघींनाही माहीत होतं. वहिनी गडग्याला वळसा घालून गेली.

भागूने स्टँड लावलं आणि कॅमेऱ्यातून बघितलं. आधी तिने गवत उपटलं. मग काठीने कोळ्याचं जाळं काढलं आणि कोळी दिसल्यावर हलकेच किंचाळलीही. परत बघितलं, तर आडव्या दगडाच्या डाव्या टोकाखाली तीन चिपा. बाकी सगळा गडगा करडा, ह्या मात्र तांबड्या, वेड्यावाकड्या, एक तर जीभ काढल्यासारखी बाहेर आलेली. सबंध फोटोत डोळा तिथेच जाऊन अडकत होता. कुणी पोराने खेळता खेळता कोंबल्या असतील, असं तिला वाटलं. पहिली चीप नुसती धरली तर हातात आली. दुसरी हलवून हलवून निघाली. तिसरी घट्ट होती. ती तिने स्टँडच्या पायाने उचकटली.

काही झालं नाही. दगड तसूभर हलला नाही. म्हणजे त्या चिपा उगीचच होत्या, असा सोयीचा हिशेब करून तिने त्या उतारावरच्या गवतात भिरकावल्या आणि फोटो काढला. फोटो सुरेख आला. काळं तोंड, वर सरळ दगड, खाली ऊन.

वहिनी परत आली आणि कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत डोकावली. "वा! काय आलाय गं! हा कचेरीच्या भिंतीवर लागणार बघ." तिने फोटो बघितला, दगडाकडे बघितलं नाही. भागूच्या अंगावर मूठभर मांस चढलं. वहिनीने असं मोकळं कौतुक केल्याचं तिला आठवत नव्हतं.

मग वहिनी टेप आणि बॅटरी घेऊन आडवी झाली. आधी तिचं डोकं आत गेलं, मग खांदे अडले, ते तिने तिरके करून घेतले. डाव्या बाजूच्या दगडांना तिची कंबर घासली आणि शेवटी बुटांचे तळवे दिसेनासे झाले. आतून आवाज आला, पेटीतून आल्यासारखा. "लिही. लांबी..." तिने आकडा सांगितला. भागूने लिहिला. "रुंदी..." तोही लिहिला.

आणि मग कर्र असा आवाज झाला.

मोठा नव्हता. दाराची बिजागरी करकरावी एवढाच. पण भागूच्या डोळ्यांदेखत आडव्या दगडाचं डावं टोक दोन बोटं खाली आलं आणि अधांतरी अडकलं. वरून भुरभुर माती गळली. त्यामागून एक दगड घरंगळत येऊन तिच्या पायाशी थांबला. भागूच्या हातातलं पेन कधी पडलं ते तिला कळलं नाही. 

"काय झालं गं?" वहिनीने विचारलं.

 भागूने त्या टोकाखालची रिकामी जागा बघितली. तिथे तीन चिपांच्या आकाराची ताजी, कोरडी फट होती. आता तिला सगळं लख्ख कळलं, आणि ते कळणं इतकं भयंकर होतं, की तिच्या जिभेने स्वतःच उत्तर देऊन टाकलं.

"काही नाही. दगड जरासा बसला."

"आपोआप?"

"आपोआप."

हा शब्द तोंडातून गेला आणि तिला वाटलं, आपण परत उचलावा, पण बोललेलं काय उचलता येतं?

 वहिनीचा आवाज अजून साधाच होता. "आपोआप बसला म्हणजे वरचा भार सरकतोय. गडग्याला पोट सुटलं असणार. मग तोंडाकडून बाहेर पडण्यात शहाणपण नाही. ऐक, मागच्या बाजूला मला उजेड दिसतोय. तिथे भिंत पातळ आहे. चार दगड काढले की मी मागून निघेन."

"काढा," भागू म्हणाली. तिला बरंच वाटलं. मागून निघाली तर वहिनीला ती फट दिसणारच नाही, हाही विचार तिच्या मनात आला. माणसाचं मन कुठल्या वेळी काय हिशेब करेल ह्याचा नेम नाही.

आतून दगड ओढल्याचा खरखराट झाला. त्याच क्षणी सबंध गडगा कण्हला. भागूने वर बघितलं, तर माथ्यावरचे दगड एकमेकांवर घासत होते. त्यांतला एक, चांगला पाटाएवढा, कडेला येऊन डुगडुगला. आडव्या दगडाचं टोक आणखी थोडं खाली आलं. आतून वहिनीच्या खोकण्याचा आवाज आला, आणि मग तिने कधी न ऐकलेला एक बारीक आवाज, "अगं आई गं."

भागूची पाचावर धारण बसली. पळावं, असं तिला वाटलं. खाली रस्त्यापर्यंत पळत जावं, मदत आणावी. फोनला रेंज नव्हती, जीपवाला संध्याकाळी येणार होता, जवळची वस्ती डोंगरापलीकडे. मदतीच्या नावाखाली पळून जाता आलं असतं आणि कुणी नावही ठेवलं नसतं. तिचे पाय वळलेसुद्धा. पण आत परत दगडाला हात घातल्याचा आवाज आला आणि ती आहे तिथे गुडघ्यांवर कोसळली.

"वहिनी, थांब! हात लावू नकोस! आपोआप नाही, मी केलं!" 'तुम्ही'चं 'तू' झालं ते तिच्या ध्यानातही आलं नाही. "दगडाखाली चिपा होत्या. फोटोत घाण दिसत होत्या म्हणून मी काढल्या. मागचं काही काढू नकोस, गं, वरचं सगळं हलतंय!"

 बॅटरीचा उजेड तोंडाशी येऊन स्थिरावला. त्या उजेडात धूळ तरंगत होती. भागूला वाटलं, वहिनी आता शिव्या घालेल, आणि घालावी असं तिला मनापासून वाटत होतं. पण वहिनीने विचारलं ते एवढंच.

"कुठल्या टोकाच्या?"

"माझ्या डावीकडच्या. तुझ्या उजवीकडच्या."

"किती?"

"तीन."

"कुठे टाकल्यास?"

"गवतात."

"शोध."

त्या उतारावर दगडांना काय तोटा? पण त्या चिपा तांबड्या होत्या, म्हणून भागू रांगत रांगत तांबडं काही दिसतंय का ते बघू लागली. हाताला काटे लागत होते, ते नंतर दिसले. जिथे हात घालायच्या आधी तिने काठीने दहादा ठोकलं असतं, तिथे ती सरळ पंजे खुपसत होती. दादाची मुलगी, चार वर्षांची, सकाळी आईच्या बुटात पाय घालून घरभर फिरत होती, ते तिला आठवलं आणि रडू फुटलं. रडत रडतच तिने दोन चिपा मिळवल्या. तिसरी सापडेना.

"दोनच आहेत," ती तोंडाशी येऊन म्हणाली.

"तिसरी तशाच जाडीची घे. एका बाजूला निमुळती बघ. आता टोकाखाली सरकव. आणि हे बघ, ठोकू नकोस. ठोकलंस की वरचं हललंच. नुसत्या हाताने दाब."

भागूने चिपा दाबल्या. दोन्ही अंगठे लावून, अंगठे पांढरे पडेस्तोवर. तिचं तोंड दगडापासून वीतभर अंतरावर होतं. दगडातून बारीक टकटक ऐकू येत होती, आत कुठे तरी काही तरी जागा शोधत असल्याची. एकेका टकटकीला तिचं काळीज हलत होतं. चिपा आत गेल्या. तिने हात काढला. दगड तसाच राहिला.

"बसल्या?" वहिनीने विचारलं.

"बसल्या."

"नक्की?"

"नक्की."

 वहिनी पुढे सरकली नाही. उजेड होता तिथेच राहिला. मग ती हळू म्हणाली, "भागू, मघाशी आपोआप म्हणालीस तेही असंच म्हणालीस गं. ह्याच आवाजात."

तिने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण ती नुसती सांगत होती. तिला त्या दगडाखालून मान न्यायची होती, आणि बाहेर विचारायला भागूशिवाय दुसरं कुणी नव्हतं.  आईची शपथ घ्यावी, दादाच्या मुलीची घ्यावी, तर शपथही तोंडानेच घ्यायची. त्या तोंडाची पत आता गेली होती.

म्हणून ती पालथी पडली. डोळे गच्च मिटले आणि डोकं आत घातलं.

दगड तिच्या मानेच्या वर आला. त्याचा गारवा तिला केसांतून कळला. तोंडात माती गेली. श्वास आत जाईना आणि आतला बाहेर येईना. आजवर तिला ज्या ज्या गोष्टींची भीती वाटली होती, त्या सगळ्या ह्या एका भीतीपुढे पोरखेळ होत्या. आता कर्र होईल, आता होईल, असं तिच्या कानांत वाजत होतं. तरी ती कोपरांवर आणखी थोडी आत सरकली. खांदे दगडाखाली आले. डोळे उघडले तेव्हा समोर, हातभर अंतरावर, धुळीने पांढरा झालेला वहिनीचा चेहरा होता.

"हे बघ," भागू म्हणाली. दात वाजत असल्याने शब्द तुटत होते. "बसल्यात. मी खाली आहे ना त्याच्या. बसल्यात."

वहिनी तिच्याकडे बघतच राहिली. मग एकदम ओरडली, "मूर्ख! वेडी आहेस का? मागे हो! आधी मागे हो म्हणते ना!" आणि पुढे येऊन तिने आपला तळहात भागूच्या डोक्यावर उताणा धरला. डोकं आणि दगड ह्यांच्या मधोमध. जणू तो कोसळला असता तर तिचा हात त्याला थोपवणार होता.

भागू मागे सरकली. तिच्यामागून वहिनी निघाली. आधी हात, मग डोकं, मग ते खांदे. खांदे अडले आणि दोघींचाही श्वास थांबला. वहिनीने ते तिरके केले. तिची पाठ दगडाला घासली, अगदी घासलीच, सदऱ्याचा धागा ओढला गेल्याचं ऐकू आलं. भागूने तिच्या काखांत हात घालून ओढलं. दोघी गवतात एकमेकींवर पडल्या.

 वहिनीने तोंडातली माती थुंकली. मग भागूकडे वळून तिच्या गालावर एक सणसणीत लगावली. आणि लगेच त्याच हाताने तिचं डोकं ओढून छातीशी धरलं. भागूला वहिनीच्या छातीतली धडधड ऐकू येत होती. ती थांबतच नव्हती.

"बघू तरी," वहिनी शेवटी म्हणाली आणि उठून तोंडाशी गेली. मोजणारीच ती, तपासल्याशिवाय तिला राहवणार नव्हतं. तिने बाजूला उभं राहून, लांबूनच हात करून, भागूने बसवलेल्या चिपेला नुसतं बोट लावलं.

चीप हातात आली. दुसरीही आली. तिसरी तर बोट लागायच्या आधीच घसरून खाली पडली.

त्या बसल्या नव्हत्याच. हाताने दाबून पाचर बसत नसते, ती ठोकावी लागते, आणि ठोकायला तर वहिनीनेच मना केलं होतं. आडवा दगड आपल्या कुठल्या तरी हट्टावर वर थांबून राहिला होता. भागूने मान घातली तेव्हाही, वहिनीची पाठ घासली तेव्हाही. त्याला धरून काही नव्हतं.

"मला वाटलं बसल्यात," भागू कुजबुजली. "वहिनी, खरंच वाटलं. ह्या वेळी खोटं नव्हतं."

"माहीत आहे," वहिनी म्हणाली. ती चिपांकडे बघत होती. खाली पडलेलीही उचलून तिने तिन्ही तळहातावर घेतल्या होत्या. मग तिने त्या खाली ठेवल्या, गडग्याकडे पाठ केली आणि गवतात बसून हमसून हमसून रडू लागली. भागूने तिला असं कधी पाहिलं नव्हतं. तिला कसं समजवायचं ते ठाऊक नसल्याने भागूही तिच्याबरोबर रडत बसली.

नंतर त्यांनी काटेरी झुडपं तोडून त्या तोंडावर रचली, कोकरू किंवा एखादं पोर आत शिरू नये म्हणून, आणि नोंदीत धोक्याचा शेरा लिहिला. संध्याकाळी जीपवाल्याने आरशातून दोघींची मातीने माखलेली तोंडं बघितली आणि विचारलं, "आज काय कुस्ती होती का?" 

घरी जेवताना भागूने दादाला सगळं सांगितलं. फोटो, चिपा, 'आपोआप', सगळं. वहिनीने तिला सांग म्हटलं नव्हतं आणि सांगू नको असंही म्हटलं नव्हतं. दादाचा घास हातातच राहिला. तो बहिणीकडे बघायचा, मग बायकोकडे बघायचा. त्याला चिडवायला काही सुचत नव्हतं आणि रागवायला तोंड उघडत नव्हतं. "जेवा आता," वहिनी म्हणाली, "गार होतंय." मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती, तिला मात्र वहिनीने अंथरुणावर ठेवलं नाही. तशीच घेऊन जेवली.

दुसऱ्या दिवशी भागूला वाटलं होतं, की आपल्याला कामावर नेणार नाहीत. पण वहिनी सकाळी बूट घालून दारात उभी होती. "चल," म्हणाली. 

त्या दिवशीचा गडगा कमरेएवढाच होता, दुसऱ्या उतारावरचा. त्याच्या पायथ्याशी कोकरांचं भोक होतं, साधं, आरपार. पलीकडचं हिरवं गवत अलीकडून दिसत होतं. अशी भोकं वहिनीने येता जाता मोजली होती. तिने टेप काढला, गुडघे टेकले आणि भोकासमोर बसली. बसूनच राहिली. टेपची पट्टी थोडी ओढायची, सोडायची, परत ओढायची. पट्टी खटकन् आत जायची.

"ऊन फार आहे," ती म्हणाली. ऊन अजून धड वर आलं नव्हतं.

भागूने तिच्याकडे बघितलं आणि तिला कळलं. कालच्या गडग्याने वहिनीला बाहेर सोडलं होतं, पण सगळीच्या सगळी सोडली नव्हती. सापाची कात ओढून काढणारी ती बाई अजून तिथेच आत बसलेली होती, आणि तिला तिथे कोंडणारी आपण आहोत. हे तिच्या मनाला इतकं लागलं, की भीती वाटायलाही क्षणभर उशीर झाला. मग ती वाटलीच. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, तो काही कालच्या एका दुपारने पाठ सोडणारा नव्हता.

तिने कॅमेरा वहिनीच्या गळ्यात अडकवला आणि टेप काढून घेतला.

"तुला जमेल?" वहिनीने विचारलं.

"नाही."

भोकाच्या तोंडाशी बोटभर गवत वाढलं होतं, एका चिपेवर वाळलेलं शेवाळं होतं, ते सगळं तिने तसंच राहू दिलं. मग ती पालथी पडली आणि एक हात आत घातला, मग खांदा, मग डोकं. आत अंधार नव्हता, समोर उजेड होता, तरी तिची बोबडी वळली. कान वाजू लागले. पाठीवर सबंध डोंगर असल्यासारखं तिला वाटलं.

इतक्यात मागून कुणी तरी तिचा घोटा घट्ट धरला.

"धरलाय गं मी," वहिनीचा आवाज आला. "काही झालं तर ओढीन."

"सोडू नका."

"नाही सोडत. तू मोज."

भागूने पट्टी दगडाला लावली. आकडा वाचायला तिला डोळे दोनदा पुसावे लागले. मग तिने तो ओरडून सांगितला, किनऱ्या आवाजात, पण नीट सांगितला. उत्तर आलं नाही म्हणून परत सांगितला. लिहून घ्यायला कुणी नव्हतं. वहिनीचे दोन्ही हात तिच्या पायाला होते.